आधी पाय बघावेत

वाईजवळच्या आमच्या गावात हडळ ओळखायची एकच खूण सांगत. तोंडाकडे बघू नका, तोंड देखणंच असतं. केसांकडे बघू नका, साडीकडे तर नकोच. आधी पाय बघा. पावलं उलटी असली तर मागे वळून न बघता घर गाठा. एवढं ज्ञान गाठीशी बांधून मी लग्नानंतर इंग्लंडला आले आणि कॉव्हेंट्रीतल्या एका वाचनालयात निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. हडळ काही भेटली नाही. पण जिथे पाय बघायला हवे होते तिथे मी पडदे बघत बसले, आणि त्यात एका बाईचा पाय पणाला लागला. त्याची ही हकिगत आहे.

या अंकाच्या संपादकांनी खरं तर नोकरीतले गमतीदार अनुभव मागितले होते. ते थोडे आधी सांगून टाकते, म्हणजे त्यांचा शब्द मोडला असं व्हायला नको.

शेवटची काही वर्षं माझ्याकडे घरपोच पुस्तकांचं काम होतं. म्हातारपणामुळे किंवा आजारपणामुळे ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्याकडे दर पंधरा दिवसांनी पुस्तकं न्यायची, वाचून झालेली परत आणायची. व्हॅन ब्रायन चालवायचा, पिशव्या मी उचलायची. लोकांना हे पोस्टमनचं काम वाटतं. तसं नाही. तो माणूस कपाटापर्यंत येऊ शकत नाही, म्हणून त्याचे डोळे घेऊन तुम्ही कपाटाशी जायचं असतं. एखाद्याला खून चालतो पण घटस्फोट चालत नाही. एखादीला सगळं चालतं, फक्त कुत्रा मरता कामा नये. हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. शिवाय म्हातारी माणसं वाचलेलं पुस्तक पुन्हा येऊ नये म्हणून सातव्या पानावर पेन्सिलीने बारीक खूण करतात. कुणाचा ठिपका, कुणाची फुली, कुणाचं नावातलं पहिलं अक्षर. नियमाप्रमाणे त्या खुणा आम्ही खोडायच्या. मी एकही खोडली नाही. निम्मं काम तर त्या खुणांवरच चालायचं.

एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांना प्रेमकथा लागत, पण त्यांच्यावर बागकामाच्या पुस्तकाचं वेष्टन घालून. ते वेष्टन त्यांनीच मला दिलेलं होतं आणि दर वेळी पुस्तकासोबत ते परत येई. दुसरा एक गडी, मानेपर्यंत गोंदलेला, दाराशी असा कुत्रा की ब्रायन व्हॅनमधून उतरायचा नाही. त्याला कविता लागायच्या, मोठ्या टायपातल्या. दिसण्यावर जाऊ नये हा धडा मला अशा लोकांनी पुरेपूर शिकवला होता, असा माझा समज होता. वरून वाईट दिसणाऱ्या माणसाच्या आत चांगलं निघालं की आपल्याला आपल्याच शहाणपणाचं कौतुक वाटतं. वरून चांगलं दिसत असेल तर आत बघायचं मात्र कुणाला सुचत नाही.

मिसेस ऑगस्टिनचं घर वरून फार चांगलं दिसायचं.

ग्रेनाडातून तरुणपणी आलेली बाई. आयुष्यभर हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम केलेलं. नवरा गेलेला, मुलगा टोरांटोला. वय ऐंशीच्या आसपास, पण पाठ ताठ. कॅरिबियन घरांत पुढची खोली म्हणजे देवघरासारखी असते. तिथे रोज कुणी बसत नाही, ती पाहुण्यांसाठी. मिसेस ऑगस्टिनच्या खोलीत क्रोशाचे रुमाल साखरेच्या पाकात बुडवून कडक केलेले, त्यांच्या चुण्या फुलासारख्या उभ्या. सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर. काचेचे मासे, सोनेरी घड्याळ, भिंतीवर ग्रेनाडाला पाठवायला काढलेल्या फोटोंच्या प्रती. प्रत्येक फोटोत ती हॅट घालून, गुडघ्यापर्यंतच्या नीटस ड्रेसमध्ये. तीन वर्षं मी त्या खोलीत बसले. तिच्या पलीकडच्या दाराआड काय आहे हे मी कधी पाहिलं नाही, आणि पाहावं असं मनातही आलं नाही. आमच्याकडे नाही का, पाहुणे यायचे म्हटल्यावर सगळा पसारा आतल्या खोलीत ढकलून दाराला कडी लावायचे, आणि पाहुणेही त्या कडीकडे न बघता पोहे खायचे.

आमचं बोलणं अर्थात इंग्रजीतून चाले, मी ते इथे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. पण माझ्या कानांना तिचा शब्द 'तू' असा ऐकू येई आणि माझा मी मनात 'तुम्ही' असाच उच्चारी. माझं नाव तिने कधी घेतलं नाही. ती मला 'बुक लेडी' म्हणायची.

कॅरिबियन बायकांनी लिहिलेल्या कथा हव्यात, अशी तिची मागणी असायची. मी इतर शाखांमधून शोधून शोधून तसे कथासंग्रह आणायचे. त्यातल्या एका कथेत लंडनहून गावी परतलेली बाई होती. अंगात फरचा कोट, आणि जड सुटकेसमध्ये नुसती जुनी वर्तमानपत्रं. ते पुस्तक परत देताना मिसेस ऑगस्टिन म्हणाली, "ह्या मुली माझ्या आजीच्याच गोष्टी सांगतायत. फक्त सैतानाला सूट शिवलाय."

मग आजीच्या गोष्टी यायच्या. गर्विष्ठ मुलीची गोष्ट होती. अंगावर एक ओरखडाही नसलेलाच नवरा हवा म्हणून ती हटून बसते. तसा एक येतो. लग्न करून घरी नेताना वाटेत तो एका झोपडीत हात परत देतो, दुसरीत पाय, तिसरीत खांदे. सगळा उसना. शेवटी तिच्यापुढे नुसती कवटी घरंगळत चाललेली असते. आणि दुसरी गोष्ट, तिच्या आवडीची. जंगलातल्या वाटेवर भेटणारी देखणी बाई, मोठी हॅट, जमिनीपर्यंत लोळणारा स्कर्ट. पुरुष तिच्यामागे जातात ते परत येत नाहीत. कारण स्कर्टाखाली तिचा एक पाय माणसाचा असतो आणि दुसरा गाईच्या खुराचा.

मी तिला आमच्या हडळीबद्दल सांगितलं. ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"म्हणजे तुमच्याकडच्या आज्याही खालीच बघायला सांगायच्या," ती म्हणाली. "चकाकी माणसाला वर बघायला लावते. खरं असतं ते जमिनीलगत."

त्याच दिवशी माझ्या डोक्यात कल्पना आली. ऑक्टोबर हा इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. दर वर्षी आमच्या शाखेत काय व्हायचं, तर चार पोस्टर आणि एक टेबल. मी ठरवलं, या वर्षी मिसेस ऑगस्टिन शाळेतल्या मुलांना गोष्टी सांगेल. साहेबिणीने होकार दिला. पोस्टरं छापली, दोन शाळांनी मुलांची नावं पाठवली. नोकरीत माझ्या नावावर असं काही पहिल्यांदाच होत होतं आणि मी हवेत होते, हे कबूल केलेलं बरं.

सप्टेंबरमध्ये मिसेस ऑगस्टिनचे स्कर्ट लांब झाले.

मला वाटलं, गोष्टीची तालीम चाललीय. तिने खुर्ची खिडकीशी नेली, म्हणजे माझ्या सोफ्यापासून लांब. चहा आणायला ती उठेनाशी झाली. "आज चहा नको, नुसतं बोलू," म्हणायची. खोलीत लॅव्हेंडरचं पॉलिश आणि अंगाला चोळायचं बे-रम यांचा वास नेहमीच असायचा, आता तो नाकात झोंबू लागला. आणि त्याच्या खाली आणखी एक वास होता. कपाटामागे उंदीर मरून पडला की येतो तसा. मी तो ओळखला. ओळखून म्हटलं, जुनं घर आहे, असेल काहीतरी.

तिला शुगर होती. मधुमेहाला तीही आपल्यासारखंच शुगर म्हणायची. हेही मला माहीत होतं.

कार्यक्रम शनिवारी होता. त्याच्या आधीच्या आठवड्यातला मंगळवार, म्हणजे मध्ये अकरा दिवस. पुस्तक देताना तिच्या हातून ते निसटलं आणि खुर्चीखाली गेलं. मी गुडघ्यावर बसून वाकले. स्कर्टाची कड वर सरकली होती. डाव्या पायात पुरुषाची सपात, पुढून कापलेली. वर मोजा, मोज्यावर दुकानातली प्लास्टिकची पिशवी, घोट्याशी रबरबँडने बांधलेली. पिशवीच्या आत ओल होती. मोज्याच्या वर पायाचा जो भाग दिसत होता तो काळसर निळा पडून सुजला होता.

"काय पाहिलंस?" वरून आवाज आला.

मी पुस्तक उचललं, त्याच्यावरची नसलेली धूळ झटकली आणि ते तिच्या हातात दिलं.

"काही नाही," मी म्हटलं. "आज ऊन काय छान पडलंय."

तिने पुस्तक मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "कार्यक्रम झाला की सोमवारी मी डॉक्टरकडे जाणार आहे. माझ्या आईला आधी अंगठ्यासाठी नेलं, मग पायासाठी, मग ती घरी आलीच नाही. मला एकदा मुलांसमोर उभं राहायचंय, बुक लेडी. स्वतःच्या पायांवर."

"बरं," मी म्हटलं.

आमच्याकडे असे प्रसंग हाताळायचा नियम होता. वाचकाच्या घरात काही काळजी करण्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी फॉर्म भरून साहेबिणीकडे द्यायचा, पुढचं कौन्सिलचे लोक बघतात. एक पानाचा फॉर्म. तो माझ्या पिशवीत होता. व्हॅनमध्ये बसल्यावर ब्रायनने विचारलं, "म्हातारी बरी आहे ना?" मी म्हटलं, हो.

संध्याकाळी ईलिंगहून मुलीचा फोन आला. मीरा इथेच जन्मलेली, फार्मसिस्ट. तिला मी सगळं सांगितलं. सांगावंसं वाटलं, यावरूनच मला काय ते कळायला हवं होतं.

"आई, लिसन टू मी. ते इन्फेक्शन आहे. ती बाईचा पाय जाईल. तू उद्या रिपोर्ट केला पाहिजे."

"अगं, ती मोठी बाई आहे. तिने एवढं झाकलंय, ते मी चव्हाट्यावर कसं आणू? सोमवारी जाते म्हणालीय ना."

"दॅट्स नॉट रिस्पेक्ट, आई. यू आर जस्ट बीइंग पोलाइट."

मी तिला म्हटलं, तुम्हा इथल्या मुलांना मोठ्यांचं मन राखणं कळत नाही. आणि फोन ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे माझ्या आईने मला अक्षरं शिकवायच्या आधी शिकवलं होतं. माझ्या वडिलांना एका डोळ्याने दिसत नव्हतं. आम्ही सगळी भावंडं त्यांच्या त्या बाजूने चालायचो, पण घरात त्याचा उच्चार कुणी केला नाही. त्यालाच आम्ही माया म्हणायचो. मिसेस ऑगस्टिनशी मी तसंच वागते आहे, असं मी स्वतःला सांगत होते. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की फॉर्म भरला असता तर कार्यक्रम रद्द झाला असता, आणि पोस्टरवर खाली माझं नाव होतं.

पुढच्या सोमवारी मी बसने मुद्दाम तिच्या रस्त्यावरून गेले. पुढच्या खोलीचे पडदे दिवसा ओढलेले होते. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी उतरले, दार वाजवलं. कुणी आलं नाही. मी दारातली पत्राची फट बोटाने उचलून हाक मारली.

"मी ठीक आहे," आतून आवाज आला. आवाज खालून, जमिनीजवळून आल्यासारखा वाटला. "स्कर्टाची कड शिवतेय. शनिवारी गाडी पाठव."

"काही हवंय का तुम्हाला?"

"नाही. जा तू."

आणि मी गेले. बसस्टॉपवर दोन बसेस सोडल्या, तिसरीत चढले. मंगळवारी फॉर्म काढून त्यावर तारीख घातली. बुधवारी तो घडी करून परत पिशवीत ठेवला.

गुरुवारी तिच्याकडे जायचा दिवस नव्हता, पण मी ब्रायनला म्हटलं, आधी मिसेस ऑगस्टिन. तो काही न विचारता वळला. पडदे आता अर्धे उघडे होते, एका बाजूने खाली ओघळलेले, कुणी धरून ओढल्यासारखे. मी काचेला नाक लावलं. ती सोफा आणि टीपॉय यांच्यामध्ये पडली होती. अंगात नवा लांब स्कर्ट होता, हातात पडद्याचं टोक.

ब्रायनने मागच्या बाजूला जाऊन स्वयंपाकघराचं दार खांद्याने उघडलं. मी त्याच्यामागून आत शिरले आणि पलीकडचं घर पहिल्यांदा पाहिलं. हीटर नाही. जिना चढवत नसणार, म्हणून स्वयंपाकघरातच घडीची खाट. सिंकवर दोरी, दोरीवर धुऊन वाळत घातलेल्या फाडलेल्या चादरीच्या पट्ट्या, रांगेने, चिमटे लावून. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे धुणारी बाई, पट्ट्यासुद्धा तिने इस्त्री केल्या असाव्यात. मला त्या पट्ट्या आजही दिसतात.

तिचं अंग तापाने भाजत होतं. ती मला ओळखत होती, पण जीभ जड झाली होती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत ब्रायन दारात उभा राहून रस्त्याकडे बघत राहिला. तेवढ्या वेळात मी मराठीतून काय काय पुटपुटले कुणास ठाऊक, मिसेस ऑगस्टिन मात्र मान हलवत होती.

अॅम्ब्युलन्समधून आलेल्या तरुण बाईने कात्रीने पिशवी कापली. तिचा चेहरा बदलला नाही, पण हात क्षणभर थांबला.

"हे असं किती दिवस आहे?" तिने विचारलं.

मिसेस ऑगस्टिनने डोळे उघडले. "आज सकाळपासून," ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे बघत राहिली. ती मला वाचवत होती. मी गप्प बसले असते तर ते तसंच लिहिलं गेलं असतं, आणि आम्ही दोघी पुन्हा त्या पुढच्या खोलीत येऊन बसलो असतो.

"नाही," मी म्हटलं. "निदान नऊ दिवस. मी पाहिलं होतं. त्याच्याही आधीपासून असणार. वास महिनाभर येतोय. तिला मधुमेह आहे."

मिसेस ऑगस्टिनने मान भिंतीकडे वळवली. तिला बाहेर नेईपर्यंत ती परत माझ्याकडे वळली नाही.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी डॉक्टरांना विचारलं, नऊ दिवस आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित बोटांवर भागलं असतं. मी त्यांच्याकडून 'नाही' ऐकायला गेले होते. 'कदाचित' हा शब्द घेऊन घरी आले, तो अजून माझ्याकडे आहे.

फॉर्म मी त्याच दिवशी भरला, खऱ्या तारखा घालून. साहेबिणीने वाचला, दोनदा वाचला, आणि माझ्या फाइलमध्ये ताकीद लावली. मला आणखी कडक काहीतरी हवं होतं. पोस्टरांवर 'रद्द' अशी पट्टी मीच चिकटवली. पुस्तकांची फेरी माझ्याकडेच राहिली, पण त्यानंतर कुणाच्याही घरी गेले की मी पाणी मागण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन यायचे. लोकांना मी आगाऊ वाटू लागले. वाटू दे, म्हटलं.

मिसेस ऑगस्टिन हॉस्पिटलात असताना मी दर आठवड्याला पुस्तकं घेऊन जायचे. पहिले दोन महिने ती झोपल्याचं सोंग घ्यायची. मी पुस्तकं उशाशी ठेवून परत यायचे. तिसऱ्या महिन्यात परत आलेल्या एका कथासंग्रहात, सातव्या पानावर, तिची खूण सापडली. लहानसा पेन्सिलीचा खूर.

त्यानंतर ती बोलायला लागली. पायाबद्दल नाही, पुस्तकांबद्दल.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये ती आली. तळमजल्यावरच्या नव्या फ्लॅटमधून ब्रायनने तिला आणलं. व्हीलचेअर तिने दाराशी सोडली आणि काठी टेकत मुलांसमोर जाऊन उभी राहिली. तिने गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट घातला होता. मुलं खाली सतरंजीवर बसलेली, त्यांचे डोळे थेट तिच्या पायांवर.

"बघा नीट," ती म्हणाली. "एक माझा आहे, एक उसना. नवऱ्या मुलाची गोष्ट ऐकल्यावर सांगते कुठला कुठून आणला."

ती गोष्ट झाली. मग खुराची. पण ह्या वेळी खूर असलेली बाई कुणाला जंगलात नेत नव्हती. ती घरातच बसलेली होती, कारण खूर दिसला तर लोक घेऊन जातील अशी तिला भीती होती. तिच्याकडे दूरच्या देशातली एक बाई पुस्तकं घेऊन यायची. मी मागे खुर्च्या लावत होते. हातातली मी खाली ठेवली.

"एक दिवस पुस्तक खाली पडलं," मिसेस ऑगस्टिन म्हणाली. "पुस्तकवाली उचलायला वाकली, आणि तिला खूर दिसला."

"मग ती ओरडली?" एका मुलाने विचारलं.

"नाही."

"पळाली?"

"नाही. ती म्हणाली, आज ऊन काय छान पडलंय."

मुलं हसली. पुढे बसलेली, दोन वेण्या घातलेली एक मुलगी हसली नाही. "पण का?" ती म्हणाली.

मिसेस ऑगस्टिनने मुलांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. मी त्या नजरेला नजर दिली, एवढं तरी मी केलं.

"कारण," ती म्हणाली, "ती फार चांगल्या वळणाची होती."

मुलीला ते पुरलं नाही. ती म्हणाली, "आणि मग पायाचं काय झालं?"

मिसेस ऑगस्टिन वाकली आणि काठीच्या मुठीने आपल्या डाव्या नडगीवर दोनदा टकटक केलं.